मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मधुमेह हा रक्तशर्करेचा विकार असला तरी त्याचा आघात सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर होतो. दृष्टिपटलातील केशवाहिन्यांच्या भिंती दुर्बल होऊन त्यांतून रक्त व द्रव पाझरतो. पुढे प्राणवायूच्या अभावी नव्या, नाजूक वाहिन्या निर्माण होतात आणि त्यांतील रक्तस्रावाने अंधत्व येऊ शकते. हा संबंध वैद्यकशास्त्राने किती विलंबाने मान्य केला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शोध आणि मतभेद :
१८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोपविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या उपकरणामुळे जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाची तपासणी शक्य झाली. त्याच दशकात व्हिएन्ना येथील एडुआर्ड येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पीतबिंदूतील बदल नोंदविले. परंतु अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांच्यासारख्या अधिकारी नेत्रतज्ज्ञाने त्यामागील कार्यकारणभाव मान्य केला नाही. १८७२ मध्ये एडवर्ड नेटलशिप यांनी सूक्ष्मदर्शकीय पुरावा दिला. तरीही या बदलांचे मूळ उच्च रक्तदाबात व धमनीकाठिण्यात शोधणारा पक्ष विसाव्या शतकातही प्रबळ होता. १९४३ मधील आर्थर बॅलंटाइन यांच्या ग्लासगो येथील संशोधनानंतर हा स्वतंत्र रक्तवाहिनीविकार असल्याचे मत दृढ झाले.

इन्सुलिनोत्तर काळ :
१९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा उपचार सुरू झाला. पूर्वी अल्पावधीत दगावणारे रुग्ण दीर्घकाळ जगू लागले आणि कालांतराने त्यांच्यापैकी अनेकांची दृष्टी मंदावू लागली. मृत्यूवरील विजयानेच अंधत्वाचा प्रश्न तीव्र केला. १९५० व १९६० च्या दशकांत दृष्टी वाचविण्यासाठी पीयूषिका ग्रंथी काढून टाकण्यापर्यंत मजल गेली. याच काळात जर्मनीतील गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी प्रखर प्रकाशाने दृष्टिपटलावर उपचार करण्याची पद्धती विकसित केली. अशा उपचाराने तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटते, हे १९७६ मध्ये अमेरिकेतील व्यापक चाचणीने सिद्ध केले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत, टाइप १ मधुमेहात रक्तशर्करेच्या काटेकोर नियंत्रणाने हा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

समारोप :
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. या विकाराच्या प्रारंभी रुग्णाला वेदना होत नाही व दिसण्यातही फरक जाणवत नाही. येगर यांनी पाहिले ते उपकरणाच्या साहाय्याने. रुग्णाच्या तक्रारीवरून ते कळले नसते. म्हणूनच तक्रारीची वाट न पाहता मधुमेहींच्या दृष्टिपटलाची नियमित तपासणी होणे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.