शिलींध्र आणि फणसोंबा

वाट वाकडी झाली तरी उज्जयिनीचे दर्शन चुकवू नकोस, असे मेघदूतातील यक्ष मेघाला ज्या आर्जवाने सांगतो ते आर्जव सर्वपरिचित आहे. परंतु त्याच पूर्वमेघात, ज्या गर्जनेने पृथ्वी शिलींध्रांनी भरून येते आणि तिची सुफलता प्रकट होते त्या मेघगर्जनेचाही कवीने गौरव केला आहे, याकडे रसिकांचे लक्ष सहसा जात नाही. मल्लिनाथाने तेथे कंदली हा अर्थ घेतला हे खरे. तथापि पहिल्या पावसानंतर भिजलेल्या मातीतून एका रात्रीत वर आलेली भूछत्रे ज्याने डोळे भरून पाहिली आहेत, त्याला भूछत्राचा अर्थच अधिक जवळचा वाटेल, आणि माझाही कौल त्याच बाजूला आहे.

काव्याने ज्याचा असा सत्कार केला त्याला धर्मशास्त्राने मात्र पंक्तीबाहेर बसविले. मनुस्मृतीने लसूण, गाजर आणि कांदा यांच्याबरोबर कवकही द्विजांना अभक्ष्य ठरविले, आणि अजाणता खाल्ल्यास सांतपनकृच्छ्राचे प्रायश्चित्त सांगितले. वैद्यकाची दृष्टी निराळी होती. सुश्रुताने गवताच्या काडावर, उसावर, शेणावर, वेळूवर आणि भूमीवर उगवणारी अशी पाच प्रकारची भूछत्रे वेगळी करून प्रत्येकाचे गुणदोष नोंदविले, आणि भूमीतून येणाऱ्याचा अनुरस त्या त्या भूमीप्रमाणे बदलतो, हे इतक्या सूक्ष्मतेने टिपले की निषेधापेक्षा निरीक्षणाला मान देणाऱ्या त्या बुद्धीपुढे आजही नम्र व्हावेसे वाटते. चरकाने सर्पच्छत्रक वर्ज्य करून इतर जाती शीत, मधुर, गुरू आणि पडसे उत्पन्न करणाऱ्या म्हटल्या. म्हणजे शास्त्राने जे ताटातून काढले ते वैद्याने विचारातून काढले नाही. आणि घराघरांतील औषधांच्या बटव्यातही एका अळंबीने, फणसोंब्याने, आपली जागा राखली.

मेघदूतातील त्याच उज्जयिनीस अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांनी आपले ठाणे केले, आणि 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी दरबार ग्वाल्हेरीस नेईपर्यंत हे शहर शिंदेशाहीची राजधानी राहिले. या दौलतीच्या दफ्तरांत आणि फौजेत कोकणातील मंडळींचा मोठा भरणा होता. महाकालेश्वराच्या उद्ध्वस्त मंदिराचा जीर्णोद्धार करविणारे राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर शेणवी होते. महादजींचे बक्षी जिवबादादा केरकर गोव्यातील केरी गावचे. ही माणसे ज्या मुलुखातून आली तेथे परसात फणस असतो, आणि जुन्या फणसाच्या खोडावर क्वचित फणसोंबा धरतो. माळव्याचे पठार काही फणसाचा प्रदेश नव्हे. तेव्हा कोकणाबाहेर गेलेल्या कुटुंबांना हे औषध गावाकडूनच मागविणे भाग होते.

फणसोंबा म्हणजे पावसात उगवून दोन दिवसांत कुजणारी छत्री नव्हे. तो घोड्याच्या खुरासारखा बाहेर आलेला, तपकिरी, लाकडाइतका कठीण असा कवकाचा पिंड असून वर्षानुवर्षे थरावर थर चढवीत वाढतो. तान्ह्या मुलाचे तोंड आले, हिरड्या सुजल्या किंवा लाळ अनावर गळू लागली की घरातील वडीलधारी स्त्री सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून तो चंदनासारखा उगाळी आणि तो लेप बोटाने तोंडात आतून लावी. अतिसारात आणि संग्रहणीत त्याचे उगाळलेले पाणी पोटातही देत. स्तंभन आणि तुरटपणा हे त्याचे दोन गुण या सर्व उपयोगांच्या मुळाशी आहेत. पिंड फारसा झिजत नसे. एक तुकडा घरात असला की पुढच्या पिढीतील बाळंतपणांनाही पुरे.

युनानी हकीम गारीकून नावाची दुसरी एक अळंबी रेचक म्हणून आणि कफावर देत. सूचिपर्णी वृक्षांवर वाढणारे ते औषध ग्रीक वैद्यकातून अरबी ग्रंथांमार्फत इकडे आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांनी हिंदुस्थानी वनौषधींचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला, आणि त्या काळच्या इंग्रजी ग्रंथांत फणसअळंबीची, म्हणजे फणसोंब्याची, नोंद लाळ गळण्यावरील औषध म्हणून झाली. परंतु तिची ओळख मात्र मऊ, पात्यांच्या अळंबीशी जुळविली गेली. वाळलेला पिंड ज्याने एकदा हातात घेतला आहे त्याला ही ओळख पटणे कठीण आहे. पुढे पुण्यातील जे. जी. वैद्य यांच्यासारख्या कवकशास्त्रज्ञांनी लोकवैद्यकातील अळंब्यांचा अभ्यास केला, आणि आता फणसोंबा फेलिनस या कठीण, काष्ठमय प्रजातीत गणला जातो.

काष्ठौषधींच्या जुन्या दुकानांत तो अजूनही मिळतो, पण मागेल तेव्हा मिळेलच असे नाही. हे कवक वृद्ध झाडाचे लाकूड पोखरून जगते, आणि फणसाच्या पिवळ्या, टिकाऊ लाकडाला इमारतीसाठी नेहमीच गिऱ्हाईक असल्यामुळे झाडाला तेवढे वार्धक्य येऊच दिले जात नाही. कोकणात आणि गोव्यात ज्या परसांतून, देवरायांतून असे जीर्ण फणस उभे आहेत, त्यांची गावनिहाय नोंद आताच व्हावयास हवी, आणि ज्या आजींना फणसोंबा ओळखता येतो आणि किती उगाळावा हे माहीत आहे, त्यांच्याजवळ बसून ती माहिती उतरवून घ्यावयास हवी.