१९४५ साली समुद्र खरोखरच थंड झाला होता का? (थ्रेड)

१/ ऑगस्ट १९४५. दुसरे महायुद्ध संपले आणि जगाच्या सरासरी तापमानाचा आलेख एकाएकी सुमारे ०.३ अंश सेल्सिअसने घसरला. त्या सुमारास कोठे मोठ्या ज्वालामुखीचा उद्रेक झालेला नव्हता. एल निन्योचा प्रभाव वजा केला, तरी घसरण उरतच होती. विशेष म्हणजे ती जमिनीवरील नोंदींत नव्हती, केवळ समुद्राच्या नोंदींत होती. या कोड्याचे उत्तर मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. त्यासाठी प्रथम या नोंदी आल्या कोठून, हे पाहावे लागते.

२/ १८४२ साली मॅथ्यू फाँटेन मौरी हा अमेरिकी नौदलातील लेफ्टनंट नकाशे व उपकरणांच्या भांडाराचा प्रमुख झाला. अपघातात पाय जायबंदी झाल्याने त्याची समुद्रावरील कारकीर्द थांबली होती. भांडारात जुन्या जहाजांच्या नोंदवह्या धूळ खात पडलेल्या होत्या. वारा, प्रवाह, तापमान, दिवस, स्थान असे सारे काही त्यांत होते. मौरीने ते एकत्र मांडले आणि १८४७ पासून वारे व प्रवाह यांचे नकाशे प्रसिद्ध होऊ लागले.

३/ नकाशांची किंमत त्याने पैशात मागितली नाही. जो कप्तान आपल्या प्रवासाच्या नोंदी ठरावीक तक्त्यात भरून पाठवील, त्याला नकाशे विनामूल्य मिळत. म्हणजे प्रत्येक जहाज नोंदी घेणारेही झाले आणि देणारेही.

४/ याचे फळ लवकरच दिसले. १८५१ साली ‘फ्लाइंग क्लाउड’ हे जहाज केप हॉर्नला वळसा घालून न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला ८९ दिवसांत पोहोचले. एरवी या प्रवासाला चार महिन्यांहून अधिक काळ लागे. मौरीच्या माहितीच्या आधारे जहाजाचा मार्ग आखणारी व्यक्ती होती कप्तानाची पत्नी, एलेनॉर क्रीसी.

५/ १८५३ साली ब्रुसेल्स येथे दहा सागरी राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. अध्यक्षस्थानी होते बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले. सर्व देशांच्या जहाजांनी एकाच नमुन्याच्या तक्त्यात निरीक्षणे नोंदवावीत, असे तेथे ठरले. समुद्राची माहिती ही कोणा एका देशाची मालमत्ता नव्हे, या विचाराला प्रथमच व्यवहार्य रूप मिळाले.

६/ तक्त्यात पाण्याच्या तापमानासाठी रकाना होता. परंतु पाणी कसे काढले, हे नोंदवहीत पुष्कळदा लिहिलेलेच नसे. कोणी लाकडी बादली सोडी, कोणी कॅनव्हासची. कॅनव्हासच्या बादलीतील पाणी वर ओढताना बाष्पीभवनाने निवे आणि तापमापक खऱ्याहून कमी तापमान दाखवी. पुढे वाफेची जहाजे आली. इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचेच तापमान काही जहाजे मोजू लागली. यंत्रखोलीच्या उष्णतेने तो आकडा उलट थोडा चढा येई.

७/ आता १९४५ चे कोडे उलगडते. जानेवारी १९४२ ते ऑगस्ट १९४५ या काळातील उपलब्ध नोंदींपैकी सुमारे ८० टक्के अमेरिकी जहाजांच्या होत्या, आणि ही जहाजे प्रामुख्याने इंजिनाच्या पाण्याचे तापमान घेत. युद्ध संपताच हे प्रमाण कोसळले. १९४९ पर्यंतच्या जवळपास निम्म्या नोंदी ब्रिटिश जहाजांच्या होत्या, आणि त्यांच्याकडे बादल्या होत्या. समुद्र थंड झालाच नव्हता. मोजणारे हात बदलले होते.

८/ दुसरी कथा जपानची. कोबे येथील सागरी वेधशाळेने जपानी जहाजांच्या लक्षावधी नोंदी जपल्या होत्या. महायुद्धानंतर त्यांचा मोठा साठा अमेरिकी वायुदलाच्या प्रकल्पात पंच कार्डांवर उतरवला गेला. तेव्हा तापमानातील दशांश गळाले. २६.१ चेही २६ झाले आणि २६.९ चेही २६.

९/ एका नोंदीत ही चूक क्षुल्लक वाटते. मात्र .० पासून .९ पर्यंतचे सर्व दशांश छाटले, तर सरासरी ०.४५ अंशाने खाली येते. अशा लाखो कार्डांमुळे १९३० च्या दशकात उत्तर पॅसिफिक थंडावल्याचा भास झाला. हवामानशास्त्रज्ञ त्यामागे नैसर्गिक कारणे शोधत राहिले.

१०/ ही चूक २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पकडली गेली. जवळजवळ एकाच ठिकाणी, एकाच सुमारास असलेल्या निरनिराळ्या देशांच्या जहाजांच्या नोंदी समोरासमोर ठेवून संशोधकांनी फरक मोजला. हे शक्य झाले, कारण कार्डांच्या प्रत्येक गठ्ठ्याला दिलेला क्रमांक संगणकाच्या युगातही कोणी पुसला नव्हता. जपानी नोंदींचा गठ्ठा क्रमांक ११८ आजही आंतरराष्ट्रीय संग्रहात त्याच क्रमांकाने ओळखला जातो.

११/ आजच्या आर्गो प्रकल्पाने हा धडा पक्का गिरवला आहे. महासागरांत सुमारे ४,००० स्वयंचलित तरंडे २,००० मीटर खोलीपर्यंत जाऊन तापमान व क्षारता मोजतात. बहुतेक नोंदी २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुल्या होतात. भारतात हे काम हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते. प्रत्येक आकड्यासोबत त्याच्या विश्वासार्हतेची खूण असते. पुढे दुरुस्ती झाली, तरी मूळ आकडा खोडला जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

१२/ मौरीच्या काळात ज्या खलाशाने थंडीवाऱ्यात बादली ओढून तापमान लिहिले, त्याचा आकडा खोटा नव्हता. बादली कशाची होती, एवढे दोन शब्द तेवढे राहून गेले. ते भरून काढण्यासाठी पुढच्या संशोधकांना कित्येक वर्षे खर्ची घालावी लागली.