डॉ. जॉन्सन यांची हेब्रिडीज यात्रा

इंग्लंडच्या मध्यभागी लिचफिल्ड नावाचे एक गाव आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी तेथे मायकेल जॉन्सन या नावाचा एक पुस्तकविक्रेता राहत असे. त्याने एकदा आपल्या लहान मुलाच्या हाती दुकानातले एक पुस्तक ठेवले. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात विखुरलेल्या हेब्रिडीज बेटांचे ते वर्णन होते. ते १७०३ साली प्रसिद्ध झाले होते आणि त्याचा कर्ता मार्टिन मार्टिन हा त्याच बेटांपैकी स्काय बेटाचा रहिवासी होता. गेलिक ही त्याची मातृभाषा; लिहिले मात्र त्याने इंग्रजीत. कुळांचे नायक आणि त्यांच्यासाठी प्राण द्यावयास सिद्ध असलेले अनुयायी, नायकांच्या पदरी असलेले भाट, समुद्रपक्ष्यांच्या अंड्यांवर गुजराण करणारे लोक, दिव्यदृष्टी लाभलेले शेतकरी, असे एक निराळेच जग त्या पानांत होते. पुस्तकविक्रेत्याचा तो मुलगा पुढे डॉ. सॅम्युअल जॉन्सन म्हणून इंग्रजी भाषेचा जणू न्यायाधीश झाला. वाचलेली हजारो पुस्तके मागे पडली, पण बालपणी पाहिलेल्या या बेटांची ओढ काही सुटली नाही.

प्रत्यक्ष जाण्याचा विचार प्रथम बोलून दाखविला गेला तो १७६३ साली, लंडन येथे. जॉन्सन तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते आणि जेम्स बॉझवेल या बावीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाशी त्यांची नुकतीच ओळख झाली होती. दोघांनी मिळून बेटे पाहावयाची, असे ठरले. मग बॉझवेल युरोपच्या प्रवासाला गेला. १७६४ मध्ये त्याने व्हॉल्टेअरची भेट घेतली आणि हा बेत त्याच्या कानावर घातला, तेव्हा उत्तर ध्रुवावर निघालेल्या माणसाकडे पाहावे तसे त्या तत्त्ववेत्त्याने त्याच्याकडे पाहिले आणि आपल्याला तर बरोबर यावयास सांगत नाही ना, एवढीच खात्री करून घेतली. पुढे बॉझवेल वकील झाला, त्याचा विवाह झाला. जॉन्सनांची प्रकृती कधी बरी, कधी फार वाईट. पाहता पाहता दहा वर्षे लोटली.

अखेर १७७३ चा मुहूर्त लाभला, तोही न्यायालयाच्या सोयीने. एडिंबरोचे वरिष्ठ न्यायालय १२ ऑगस्टला बंद होई आणि त्यानंतरच बॉझवेल मोकळा होणार होता. म्हणजे उत्तरेकडचा लहानसा उन्हाळा संपत आला असता, वादळांच्या तोंडावर प्रवासाला निघावयाचे. ६ ऑगस्टला जॉन्सनांनी लंडन सोडले. न्यूकॅसलपर्यंत त्यांना रॉबर्ट चेंबर्स यांची सोबत होती. चेंबर्स यांची कलकत्त्याच्या नव्या सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली होती आणि ते आपल्या आप्तांचा निरोप घ्यावयास चालले होते. एकाला बंगाल गाठावयाचा होता आणि दुसऱ्याला आपल्याच राजाच्या राज्यातली बेटे. त्या काळच्या लंडनकराला यांतले अधिक अपरिचित कोणते, हे सांगणे कठीण आहे. एवढे खरे, की बंगालविषयीची कागदपत्रे लंडनमध्ये ढिगांनी होती आणि हेब्रिडीजविषयी मार्टिनच्या पुस्तकाखेरीज फारसे काही नव्हते.

जॉन्सनांची सिद्धता मोठी मौजेची होती. पिस्तुलांची एक जोडी, दारू आणि गोळ्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या. तेथे असे भय नाही, अशी एडिंबरोत समजूत घातली गेली, तेव्हा ते सगळे बॉझवेलच्या पत्नीच्या स्वाधीन झाले. हातात ओकची एक दणकट काठी होती. तिच्यावर मापाच्या खुणेसाठी खिळे ठोकलेले होते. जे दिसेल ते मोजावयाचे, ऐकीव गोष्टींवर विसंबावयाचे नाही, हा त्यांचा निश्चय त्या खिळ्यांतून दिसतो. पुढे मल बेटावर ती काठी हरवली. ज्या बेटावर झाड म्हणून दृष्टीस पडत नाही तेथे एवढे लाकूड सापडल्यावर ते कोण परत करील, असा जॉन्सनांचा तर्क होता! मात्र या सगळ्या तयारीत एका गोष्टीला जागा नव्हती. ज्या लोकांकडे जावयाचे त्यांची भाषा दोघांपैकी एकालाही येत नव्हती आणि ती थोडीफार शिकून घ्यावी, असा विचारही कोणाच्या मनात आलेला दिसत नाही.

इन्व्हर्नेसपर्यंत गाडी होती. ३० ऑगस्टपासून घोड्यांवरचा प्रवास सुरू झाला आणि वाटाडेच दुभाषे झाले. दुसऱ्या दिवशी मॉरिस्टनच्या खोऱ्यात एका गवती छपराच्या खाणावळीत मुक्काम पडला. खाणावळवाल्याच्या मुलीला जॉन्सनांनी जवळचे एक पुस्तक भेट दिले. ते होते अंकगणिताचे. ते त्यांनी इन्व्हर्नेसला घेतले होते. तिचा बाप १७४५ च्या बंडात राजपुत्र चार्ल्स एडवर्ड याच्या सैन्यात लढलेला होता. पंचवीस वर्षांत त्याचा खंड पाच पौंडांवरून वीस पौंडांच्या घरात गेला होता आणि तो आता अमेरिकेला जाण्याच्या विचारात होता. त्या एका खोऱ्यातून सत्तर माणसे आधीच गेली होती.

येथे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्याचा तो शेवटचा प्रयत्न १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर चिरडला गेला. त्यानंतर लंडनच्या पार्लमेंटने डोंगरी मुलुखाची घडीच मोडून काढली. शस्त्रे काढून घेतली. पट्ट्यापट्ट्यांचा परंपरागत पोषाख करणे हा गुन्हा ठरविला, आणि हा निर्बंध १७८२ पर्यंत टिकला. नायकांचे वंशपरंपरागत न्यायदानाचे अधिकार रद्द केले. नायकाच्या हाती जमीन तेवढी राहिली. पूर्वी त्याचे वैभव किती माणसे त्याच्या हाकेला धावतात यावर मोजले जाई. आता ते किती पौंड खंड येतो यावर मोजले जाऊ लागले. माणूस अनुयायी होता, तो कूळ झाला. आणि कूळ बदलता येते. मार्टिनने वर्णिलेल्या जगाचा पाया असा अवघ्या सत्तावीस वर्षांत खचला होता. आपण फार उशिरा आलो, हे जॉन्सनांनी आपल्या ग्रंथात मोकळेपणाने मान्य केले आहे.

२ सप्टेंबरला ते स्काय बेटावर उतरले. तेथला पहिला यजमान ईटनच्या शाळेत शिकलेला, इंग्रजी वळणाचा जमीनदार होता. त्याच्या घरी कुलनायकाचे औदार्य दिसेना, तेव्हा जॉन्सनांनी त्याला तोंडावर चार शब्द सुनावले. रासे बेटावर मात्र मन प्रसन्न झाले. नावाडी वल्ह्यांच्या तालावर गात होते, रात्री नृत्य चाले आणि जेवणानंतर स्त्रिया गेलिक गीते म्हणत. जॉन्सन ती तन्मयतेने ऐकत, पण अर्थ विचारला की दुभाषा दोन वाक्यांत काहीतरी सांगे आणि ते पूर्वीइतकेच अज्ञानात राहत. तेथून परतताना पोर्ट्रीच्या बंदरात देशांतर करणाऱ्यांना नेण्यासाठी आलेले एक जहाज नांगरलेले दिसले. त्याच रात्री त्यांना आतिथ्य लाभले ते फ्लोरा मॅक्डोनाल्डचे. पराभूत राजपुत्राला दासीचा वेष देऊन जिने शत्रूच्या पहाऱ्यातून स्काय बेटावर आणले होते, तीच ही स्त्री. राजपुत्र ज्या बिछान्यावर झोपला होता त्याच बिछान्यावर जॉन्सन झोपले. दुसऱ्याच वर्षी, १७७४ मध्ये, फ्लोरा आपल्या पतीसह उत्तर कॅरोलिनाला निघून गेली. एका मुक्कामी त्यांच्यासमोर जो नाच झाला त्याचे नावच ‘अमेरिका’ होते: एक जोडपे फेर धरते, ते दुसऱ्याला ओढते, दुसरे तिसऱ्याला, आणि बघता बघता सारी माणसे त्या फेऱ्यात सापडतात.

या देशांतराविषयी जॉन्सनांनी जे लिहिले ते त्यांच्या कीर्तीला शोभण्यासारखे आहे. लोक उठून गेले म्हणजे बंड होणार नाही हे खरे. पण मुलुख ओसाड करून मिळविलेल्या शांततेला राज्यकारभार म्हणता येत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. प्रजेला हुसकावून मेंढ्या पाळण्याचे एकोणिसाव्या शतकातले निर्दय प्रकार तेव्हा अजून घडावयाचे होते.

३ ऑक्टोबरला मलकडे निघालेली नाव वादळात सापडली आणि कोल बेटावर जाऊन लागली. जॉन्सन खाली निपचित पडून होते, पाठीशी ऊब द्यायला एक शिकारी कुत्रा. वर बॉझवेल काही काम द्या म्हणून मागे लागला, तेव्हा कोलच्या तरुण वारसाने त्याच्या हाती एक दोर देऊन, सांगेपर्यंत तो घट्ट धरून उभे राहावयास सांगितले. त्या दोराचा काहीही उपयोग नव्हता. माणूस पायांत येऊ नये एवढाच हेतू. हा शहाणा, उमदा तरुण दुसऱ्या वर्षी उल्व्हा बेटाजवळच्या सामुद्रधुनीत बुडून मरण पावला. कोलवर हवामानाने दहा-अकरा दिवस अडकवून ठेवले. मग मल, उल्व्हा, आणि संत कोलंबाचे आयोना पाहून २२ ऑक्टोबरला ते मुख्य भूमीवर परतले. मार्टिनच्या पुस्तकाचा आरंभ होतो लुइस बेटापासून. लुइस, हॅरिस, यूइस्ट, बारा ही बाहेरची सारी साखळी त्यांच्या दृष्टीस पडली ती फार तर दूरच्या क्षितिजावर. निघावयास उशीर झाल्याची ही किंमत होती.

पण याहून मोठे राहिले ते निराळेच. त्या सुमारास जेम्स मॅक्फर्सनने ऑसियन या प्राचीन गेलिक कवीची म्हणून काही काव्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली होती आणि सारा युरोप त्यांनी वेडावला होता. ही लबाडी आहे, हे जॉन्सनांनी ओळखले, आणि ते बव्हंशी खरेच होते. मात्र लबाडी सिद्ध करण्याच्या भरात त्यांनी एक विधान असे केले की, गेलिक ही अलीकडेपर्यंत कधी लिहिलीच गेली नव्हती आणि तिचे शंभर वर्षांचे जुने हस्तलिखित जगात नाही. हे साफ चुकीचे होते. लिझमोरच्या डीनने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेला गेलिक काव्यसंग्रह आजही उपलब्ध आहे. गेलिक भाषेतले प्रार्थनापुस्तक १५६७ मध्येच एडिंबरोत छापले गेले होते. ज्या डनव्हेगनच्या गढीत जॉन्सन आठवडाभर सुखाने राहिले, तेथल्या मॅक्लाउड नायकांवर मेरी मॅक्लाउड या कवयित्रीने सतराव्या शतकात गीते रचली होती. हा माणूस त्या भाषेचा द्वेष्टा होता असेही नाही. गेलिकमध्ये बायबल होऊ नये, नाहीतर ती भाषा टिकून राहील, असे म्हणणाऱ्यांचा त्यांनी १७६६ च्या एका पत्रात कठोर समाचार घेतला होता. भाषेचा हक्क त्यांना कळत होता; भाषा कळत नव्हती.

त्याच वेळी लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावी कॉलिन मॅकेंझी हा एकोणीस-वीस वर्षांचा तरुण वाढत होता. १७८३ मध्ये तो मद्रासला आला आणि १८१५ मध्ये हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. त्यालाही येथल्या भाषा येत नव्हत्या. परंतु त्याने कावली वेंकट बोरय्या आणि लक्ष्मय्या या तेलुगू बंधूंसारखी माणसे हाताशी धरून दक्षिणेतली हस्तलिखिते, शिलालेख आणि बखरी गोळा करविल्या. त्या संग्रहात मराठी कागदही आहेत. तो १८२१ मध्ये हिंदुस्थानातच वारला.

जॉन्सन ९ नोव्हेंबरला एडिंबरोत परतले आणि सुमारे दोन आठवडे राहिले. त्यांचे प्रवासवर्णन १७७५ मध्ये निघाले, बॉझवेलचे १७८५ मध्ये. त्या दोन आठवड्यांत एडिंबरोच्या रस्त्यांवर नगररक्षकांच्या तुकडीत डंकन बान मॅक्इंटायर नावाचा एक शिपाई पहारा करीत असे. गेलिक भाषेतला तो त्या काळचा अत्यंत श्रेष्ठ कवी. १७६८ मध्ये त्याचा काव्यसंग्रह त्याच शहरात छापून निघाला होता. त्याला लिहिता-वाचता येत नसे. त्याच्या मुखातून ऐकून त्या कविता ज्याने उतरवून घेतल्या, तो डोनाल्ड मॅक्निकोल हा लिझमोरचा धर्मोपदेशक. गेलिकविषयीच्या जॉन्सनांच्या त्या विधानाला १७७९ मध्ये पुस्तकभर उत्तर दिले, ते त्यानेच.