एफएबीपी म्हणजे काय? पेशीतली चरबी उचलून नेणारं छोटं प्रथिन

दर पावसाळ्यात जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांची रांग लागते. साधारण ५० किलोमीटर, दोन दिवस, चिखल आणि धुकं. बऱ्याच जणांच्या मनगटावर स्मार्टवॉच असतं आणि मसाई पठार येईपर्यंत त्यावर ‘फॅट बर्न’ची मिनिटं वाढू लागतात.

खरं तर वॉचला चरबी दिसतच नाही. मागचा हिरवा लाइट हृदयाचे ठोके मोजतो. बरीच ॲप्स २२० मधून तुमचं वय वजा करून कमाल ठोके धरतात आणि त्यावरून झोन ठरवतात. म्हणजे अंदाजच. पण अंदाजामागची गोष्ट खोटी नाही: आरामात, खूप वेळ चाललं की स्नायू साखरेपेक्षा चरबीवर जास्त भर देतात.

इथे एक अडचण येते. पेशीच्या आत बहुतेक पाणीच असतं आणि चरबी पाण्यात विरघळत नाही. रस्स्यावर तवंग का येतो हे कोल्हापूरकराला सांगायला नको! शिवाय सुटी फॅटी ॲसिड्स पेशीत जास्त साठली तर धोका असतो. साबण त्यांच्याच क्षारांपासून बनतो, आणि तेलकट थर विस्कटायचा गुण त्यांच्यातही असतो. पेशीची भिंत, म्हणजे पटल, तेलकट थराचीच असते. मग हा माल पटलापासून मायटोकॉन्ड्रियापर्यंत, जिथे तो जळतो तिथे, न्यायचा कसा?

रक्तात हे काम अल्ब्युमिन करतं. पेशीच्या आत ते करतं एफएबीपी, म्हणजे ‘फॅटी ॲसिड बाइंडिंग प्रोटीन’. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट ऑकनर आणि सहकाऱ्यांनी आतड्याचं अस्तर, यकृत आणि हृदय यांच्या पेशींत असं प्रथिन असल्याचं ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. पुढे कळलं की हे एकच प्रथिन नसून अख्खं कुटुंब आहे.

आकार दुधाच्या किटलीसारखा समजा. सुमारे १३० अमिनो ॲसिड्सची साखळी, तिच्या दहा पट्ट्या वळून झालेलं पोकळ भांडं आणि वर दोन छोट्या पिळांचं झाकण. आत बहुधा एकच फॅटी ॲसिडचा रेणू बसतो. यकृतातल्या प्रकारात दोन मावतात. हिमोग्लोबिनच्या तुलनेत हे प्रथिन साधारण पाव आकाराचं.

नंबर अवयवानुसार पडलेत: एफएबीपी१ यकृतात, २ आतड्यात, ३ हृदय आणि स्नायूंत, ४ चरबीच्या पेशींत, ५ त्वचेत, ७ मेंदूत. ६ नंबरचं आतड्याच्या शेवटच्या भागात पित्ताचे क्षार धरतं. चौथ्यावर मधुमेहाच्या संदर्भात बरंच संशोधन चालू आहे. ट्रेकरचं मात्र तिसरं.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एफएबीपी३ नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या हृदयाला फॅटी ॲसिड नीट घेता येईना, ते साखरेवर भागवू लागलं, आणि पळवलं की हे उंदीर लवकर गळून जायचे. निरोगी हृदय आपली अर्ध्याहून जास्त ऊर्जा चरबीतून मिळवतं, त्यामुळे हे प्रथिन तिथे भरपूर असतं.

म्हणूनच डॉक्टरांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या पेशी फुटल्या की एफएबीपी३ रक्तात येतं. ते लहान आहे आणि पेशीत मोकळं फिरतं, त्यामुळे एक ते तीन तासांत रक्तात वाढलेलं दिसू शकतं आणि साधारण दिवसभरात किडनीवाटे निघूनही जातं. ट्रोपोनिन मात्र स्नायूच्या तंतूंना बांधलेलं असतं, म्हणून ते सावकाश सुटतं. तरीही हॉस्पिटलमध्ये मुख्य टेस्ट ट्रोपोनिनचीच होते. कारण सरळ आहे: एफएबीपी३ पायाच्या स्नायूंतही असतं. दोन दिवस चिखल तुडवून आलेल्या माणसाच्या रक्तात ते हृदय ठणठणीत असतानाही वाढलेलं असू शकतं. किडनी कमजोर असेल तरी आकडा फुगतो.

वॉचबद्दलही हे लक्षात ठेवा. त्यातला ईसीजी ठोक्यांची अनियमितता दाखवू शकतो, हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. चढताना छाती आवळल्यासारखी झाली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम फुटला, तर ‘वॉच नॉर्मल दाखवतंय’ म्हणत पुढे चालू नका. जागीच थांबा, सोबत्यांना सांगा आणि १०८ ला फोन करा. पन्हाळ्यापासून कोल्हापूर २० किलोमीटरच्या आसपास आहे, पण पठारावरून गाडीरस्त्यापर्यंत यायलाच वेळ जातो आणि रेंजही भरवशाची नसते. ऑफलाइन नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

हे प्रथिन बघायचं असेल तर फोन पुरेसा आहे. ‘प्रोटीन डेटा बँक’ची साइट मोफत आहे, लॉगिन लागत नाही. सर्चमध्ये इंग्रजी अक्षरांत एफएबीपी३ टाका, एखादी रचना उघडा आणि थ्रीडी व्ह्यू निवडा. बोटाने फिरवलं की किटली दिसेल, आणि काही रचनांमध्ये आत वाकून बसलेला फॅटी ॲसिडचा रेणूही.