बिनमातीच्या बागेची कुळकथा

यंदा आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत सर्वांत अधिक वेळ कशाने घेतला असेल, तर तो हिशेबाने नव्हे की सहलीनेही नव्हे, कोथिंबिरीने घेतला. मंडळाच्या खोलीत चहाचा जो ओटा आहे, त्याच्या कोपऱ्यात विजेच्या दिव्याखाली पाण्यावर पालेभाजी उगविणारे एक यंत्र ठेवावे, आणि त्याचा खर्च वर्धापनदिनाच्या शिलकेतून करावा, अशी सूचना तरुण भगिनींनी मांडली. त्यावर एका ज्येष्ठ भगिनीने विचारले, "मातीला न शिवलेली कोथिंबीर ती कसली? तिच्यात कस तरी असेल का?" दुसरीने त्यात भर घातली की ही सारी औषधांवर पोसलेली रोपे, ती घरात आणूच नयेत. निर्णय काही झाला नाही. मात्र या प्रकाराचा पूर्वेतिहास स्मरणिकेसाठी लिहून देण्याचे काम संपादिकाबाईंनी माझ्या गळ्यात घातले. शाळेत पुष्कळ वर्षे वनस्पतिशास्त्र शिकविले, एवढीच माझी त्यासाठी पात्रता.

प्रश्न दिसतो तेवढा हलका नाही. आपल्यापैकी कित्येकींची जुनी घरे पाडून तेथे उंच इमारती झाल्या. अंगण तर आधीच गेले होते, आता सामायिक गॅलरीही गेली. खिडकीबाहेर कुंडी ठेवावयाची नाही, असा सोसायटीचा नियम झाला. डालड्याच्या डब्यात ओवा आणि फुटक्या बादलीत गवती चहा लावून ज्यांनी संसार केला, त्या बायकांच्या हाताखाली आज वीतभरही माती नाही. तेव्हा मातीवाचून काही उगवते का, हे विचारणे म्हणजे नुसती हौस नव्हे.

वनस्पती खाते काय, हा प्रश्न मनुष्याला फार जुना आहे. माती खाते, असेच सर्वांना वाटे. ब्रसेल्सकडील यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या वैद्याने ते ताडून पाहण्यासाठी एका मोठ्या कुंडीत २०० पौंड वाळविलेली माती भरली, तीत ५ पौंडांची वाळुंज लावली आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले, माती मात्र अवघी दोन औंस घटली. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की झाड सारे पाण्याचेच बनते. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हा वृत्तान्त छापून निघाला. निष्कर्ष चुकीचा होता, कारण झाडाच्या सुक्या वजनाचा मोठा भाग हवेतल्या कर्बवायूपासून येतो, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. आणि ते हरवलेले दोन औंस त्याने क्षुल्लक म्हणून सोडून दिले. खरी गोम त्या दोन औंसांतच होती.

ती पकडली लंडनच्या जॉन वुडवर्ड या वैद्यकाच्या प्राध्यापकाने, आणि तीसुद्धा पुदिन्याच्या साहाय्याने. आपल्या ओट्यावरच्या बागेचा मूळपुरुष मी यालाच मानते. १६९१ च्या उन्हाळ्यात त्याने काचेच्या कुप्यांत निरनिराळे पाणी भरले: एकीत झऱ्याचे, एकीत पावसाचे, एकीत थेम्स नदीचे. प्रत्येकीत पुदिन्याची तोलून घेतलेली काडी ठेवली. सुमारे अडीच महिन्यांनी पुन्हा तोलले, तेव्हा झऱ्याच्या पाण्यातला पुदिना १५ ग्रेन वाढला होता, पावसाच्या पाण्यातला साडेसतरा, आणि थेम्सच्या गढूळ पाण्यातला २६. ग्रेन म्हणजे आपली सुमारे अर्धी गुंज. सोनाराच्या काट्यावर पुदिना तोलावा तसा हा प्रकार! पुढच्या वर्षी त्याने पाण्यात बागेतली माती कालवूनही पाहिली, तेव्हा वाढ आणखी झाली. नुसत्या पाण्याने झाड वाढत असते, तर सर्वच कुप्यांत ते सारखे वाढावयास हवे होते. म्हणजे पाण्यात विरघळलेला मातीचा काही अंश झाडाला लागतो, पाणी हे केवळ त्याचे वाहन. हे त्याने १६९९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

तो अंश कोणता, हे कळण्यास आणखी दीडशेहून अधिक वर्षे लागली. १८६० च्या सुमारास जर्मनीत यूलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या दोघांनी मातीला पूर्ण रजा देऊन, शुद्ध पाण्यात मोजके क्षार विरघळवून रोपे बी धरेपर्यंत वाढवून दाखविली. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक आणि किंचित लोह, एवढ्यावर रोप जगते. जस्त, तांबे, मँगेनीज, बोरॉन यांचीही कणभर गरज असते, हे विसाव्या शतकात कळले. क्नोपच्या क्षारांत ते मळासारखे मिसळलेले असल्यामुळे त्याचे अडले नाही.

आमच्या ज्येष्ठ भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथेच सापडते. मातीतले शेणखत मुळे जसेच्या तसे खात नाहीत. मातीतले सूक्ष्म जीव त्याचे विघटन करतात, त्यातून हेच क्षार सुटतात, आणि पाण्यात विरघळले की मुळे ते शोषतात. बाटलीतल्या द्रावणात ते आयते मिळतात, इतकाच फरक. त्यांना औषध म्हणणे म्हणजे मिठाला औषध म्हणण्यासारखे आहे. मीठ जास्त पडले तर भाजी खारट होते आणि क्षार जास्त पडले तर रोप करपते, हे दोन्हीकडे सारखेच. सुगंधाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. मंद उजेडात घाईने वाढलेल्या पुदिन्याला उन्हातल्या पुदिन्याचा वास येत नाही. पण तो दोष प्रकाशाचा, पाण्याचा नव्हे.

येथे एक शंका कोणी काढील. आपण मटकीला मोड आणतो, ते तर नुसत्या पाण्यावरच ना? कांदा पेल्यावर ठेवला तर त्यालाही पात फुटते. खरे आहे, पण बी काय किंवा कांदा काय, ते स्वतःच्या शिदोरीवर जगत असतात. शिदोरी संपली की पान पिवळे पडते. क्षारांची गरज त्यानंतरची.

एवढे होईपर्यंत हा सारा खेळ प्रयोगशाळेचा होता. त्याला शेतीची स्वप्ने दाखविली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिक यांनी. १९२९ मध्ये त्यांनी पाण्यावर पीक काढण्याची कल्पना मांडली, आणि आपल्या घरच्या आवारात टोमॅटोचे वेल पंचवीस फूट उंच चढविले. टोमॅटो काढण्यासाठी शिडी लावावी लागे! वृत्तपत्रांना आणखी काय हवे? १९३७ मध्ये या विद्येला 'हायड्रोपॉनिक्स' हे नाव त्यांनी रूढ केले. ते सुचविले होते त्यांचे सहकारी सेचेल यांनी. ग्रीक भाषेत 'हायडोर' म्हणजे पाणी आणि 'पोनोस' म्हणजे श्रम. आपण तिला जलशेती म्हणू.

पुढची हकीकत मला फार मनोरंजक वाटते. गेरिकना विद्यापीठाने कृती मागितली. त्यांनी ती देण्याचे नाकारले. हे काम मी फावल्या वेळात, घरी केले, असे त्यांचे म्हणणे. वाद वाढला, गेरिक विद्यापीठातून बाहेर पडले आणि १९४० मध्ये त्यांनी स्वतःचे पुस्तक काढले. दरम्यान त्यांच्या दाव्यांची शहानिशा करण्याचे काम विद्यापीठाने डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन या दोघांकडे सोपविले. १९३८ मध्ये त्यांची क्रमांक ३४७ ची एक लहानशी पुस्तिका निघाली. तीत त्यांनी शांतपणे सांगितले की, चांगल्या जमिनीत चांगली निगा राखली तर पीक तितकेच येते. पाण्यात काही जादू नाही. मात्र त्याच पुस्तिकेत त्यांनी क्षारांची कृती तोलमापासह सर्वांसाठी छापून टाकली. होगलंड द्रावण म्हणून ती अजूनही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. ज्याने गाजावाजा केला त्याने कृती झाकून ठेवली, आणि ज्यांनी फुगा फोडला त्यांनी ती वाटून टाकली. लोणच्याचा मसाला शेजारणीला न सांगणाऱ्या आणि वहीत उतरवून देणाऱ्या, अशा दोन जातींच्या सुगरणी आपल्यातही आहेतच. तरी गेरिकना मी अगदी नावे ठेवणार नाही. घरी, आपल्या वेळात केलेल्या कामावर हक्क कोणाचा, हा प्रश्न बायकांनी तरी हसण्यावारी नेऊ नये.

पाण्यात जादू नाही हे ठरल्यावर तिचा उपयोग कोठे, तेही आपोआप ठरले: जेथे माती नाही तेथे. पॅसिफिक महासागरातील वेक बेटावर पॅन अमेरिकन कंपनीची विमाने मुक्कामाला थांबत. बेट म्हणजे प्रवाळाचा खडक. तेथे १९३८ मध्ये गेरिक यांच्याच एका शिष्याने टाक्यांतून उतारूंसाठी ताजी भाजी काढली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने अटलांटिकमधील असेन्शनच्या ओसाड बेटावर खडीने भरलेल्या वाफ्यांत तेच केले. युद्ध संपल्यावर टोकियोजवळ चोफू येथे त्यांनी फार मोठी जलशेती उभारली. तेथे मातीची वाण नव्हती. पण जपानी शेतकरी भाजीला सोनखत घालीत, ती कच्ची खाल्ली तर रोगराई होईल, अशी सैन्याला भीती होती.

या सर्वांत आपल्या देशाचा भाग लहान, पण माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा आहे. १९४३ च्या भीषण दुष्काळाने बंगाल होरपळून निघाला होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४६-४७ मध्ये, दार्जिलिंगजवळील कालिंपोंगच्या सरकारी प्रायोगिक शेतावर जेम्स शोल्टो डग्लस यांनी जलशेतीचे प्रयोग केले. पंप, नळ्या आणि रसायनशास्त्राची पदवी यांवाचून ही विद्या सामान्य कुटुंबाला साधली पाहिजे, हा त्यांचा रोख. उथळ पन्हळीत खडी आणि वाळू भरावयाची, कोरडे क्षार ओळींच्या मधून चिमटीने टाकावयाचे आणि वरून झारीने पाणी घालावयाचे, इतकी ती साधी रीत. १९५१ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, त्याच्या नावातच 'बंगाल पद्धती' असे शब्द आहेत. इंग्रजी पुस्तकांतून आपल्या एका प्रांताचे नाव या विद्येला चिकटले, आणि आपल्याकडे मात्र ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही!

आता यंत्राकडे वळते. ओट्यावर मावणारी, झाकणाला भोके असलेली, आत लहानसा पंप आणि वर दिव्याची छत्री असलेली पेटी अमेरिकेतील कोलोराडो राज्यातल्या एका कंपनीने २००६ मध्ये 'एरोगार्डन' या नावाने बाजारात आणली. हल्ली तशा पुष्कळ निघाल्या आहेत. आरंभी त्यात नळीचे दिवे असत, पुढे एलईडी आले. तेजस्वी निळा एलईडी जपानमध्ये १९९० च्या दशकात साधला आणि त्याबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पानांना प्रामुख्याने लागतो तो लाल आणि निळा प्रकाश. त्यामुळे थोड्या विजेत काम भागू लागले. ऑगस्ट २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अशाच दिव्यांखाली वाढलेला लाल लेट्यूस अंतराळवीरांनी खाल्ला.

या पेट्यांबरोबर बियांच्या ज्या पुड्या येतात, त्यांत 'बेसिल' हे नाव ठळक असते. भगिनींनी बिचकू नये. तो आपला सब्जाच, फालुद्यातला. तुळशीचा सख्खा भाऊ. कोथिंबीर लावावयाची तर स्वयंपाकघरातले धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन फाकी कराव्यात, हे कोणत्याही पुडीवर लिहिलेले नसते.

खर्चाचे म्हणाल, तर २० वॅटचा दिवा रोज १५ तास जाळला तर महिन्याला ९ युनिट वीज जाते. ती काही फार नाही. महाग आहे ती पेटी, आणि त्याहून महाग कंपनीच्या बियांच्या पुड्या, ज्या वारंवार घ्याव्या लागतात. श्रावणात बाजारची जुडी कुजकी निघते तेव्हा चार हिरव्या काड्या हाताशी असणे सुखाचे. पण घराची भाजी त्यावर निघेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. ज्यांच्या स्वयंपाकघरात आडोशामुळे दिवसाही दिवा लावावा लागतो, त्यांना पेटीचा दिवा हवाच. ज्यांच्या खिडकीत दोन-तीन तास ऊन येते, त्यांनी पेटी घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

त्यांच्यासाठी हवाई विद्यापीठाच्या बी. ए. क्राट्की यांनी १९९० च्या दशकात पुढे आणलेली रीत पुरेशी आहे. तीत पंप नाही की वीज नाही. लोणच्याची रिकामी बरणी घ्यावी. आत उजेड गेला तर शेवाळ धरते, म्हणून तिला बाहेरून काळा कागद गुंडाळावा. झाकणाला भोक पाडून त्यात नारळाच्या काथ्याने भरलेली जाळीची वाटी बसवावी आणि वाटीचा तळ टेकेल इतके क्षारांचे सौम्य द्रावण ओतावे. रोप वाढते तसे पाणी खाली जाते, ते पुन्हा काठोकाठ भरावयाचे नाही. मध्ये जी पोकळी पडते तिच्यातून वरची मुळे श्वास घेतात आणि खालची पाणी पितात. बरणी भरलेली ठेवली तर रोप गुदमरून मरते. पुदिन्याला तर वाटीही नको. बाजारच्या जुडीतली जून काडी पेल्यात ठेवली की आठवड्याभरात पांढरी मुळे दिसू लागतात, आणि मग ती बरणीत हलवावी.