मायक्रोफोन कुठे ठेवायचा?

विजेवरच्या गिटारचा सूर तारेवर जन्मतो खरा, पण त्याला रंग चढतो तो ॲम्प्लिफायरमध्ये. १९६६ साली लंडनच्या डेका स्टुडिओत यावरूनच वाद झाला. एकविशीतला एरिक क्लॅप्टन मार्शल ॲम्प्लिफायर भरपूर मोठ्याने लावून बसला. ध्वनिमुद्रक गस डजन म्हणाले, आवाज कमी करा. पण व्हॉल्व्हवर ताण पडला की सुराला जो खरखरीत भरदारपणा येतो, तो आवाज उतरवला की जातोच! क्लॅप्टन हटला नाही. मायक्रोफोनच दूर न्या, असा त्याचा आग्रह. शेवटी त्याचंच चाललं. ध्वनिमुद्रकाला जो गोंगाट वाटला, तोच जॉन मेयॉल यांच्या त्या तबकडीचं वैभव ठरला. मायक्रोफोनची जागा ठरवणं म्हणजे सूर कोणता आणि गोंगाट कोणता, हेच ठरवणं होय.