हिंगणघाटची कबर आणि त्रिकोणाचे तीन कोन

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते, हे विधान माध्यमिक शाळेत येईपर्यंत मुलांच्या ओठांवर बसलेले असते. पण मुलांना प्रत्यक्ष त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजायला सांगितले, की वर्गात गोंधळ उडतो. कोणाची बेरीज १७८ येते, कोणाची १८१. हुशार मूल दोन कोन मोजते, तिसरा वजाबाकीने काढते आणि मोजला म्हणून लिहून देते. पूर्ण गुण बहुधा त्यालाच मिळतात. ज्याने तिन्ही कोन खरोखर मोजले, त्याच्या वहीवर फुली पडते. मोजमाप आणि प्रमेय यांत फरक पडला तर काय करायचे, हा भूमितीतला फार मोठा प्रश्न अशा रीतीने वर्गाबाहेरच राहतो.

नेमका हाच प्रश्न बरोबर घेऊन काही माणसे दोनशे वर्षांपूर्वी दख्खन आणि विदर्भाच्या रानांतून हिंडत होती. त्यांचा म्होरक्या विल्यम लॅम्टन. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवीत असताना जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाटला मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे. चंद्रपूरहून रेल्वेने नागपूरला जाताना वरोरा सोडल्यावर हिंगणघाट लागते. आपल्यापैकी अनेकांनी हा प्रवास कितीतरी वेळा केला असेल.

लॅम्टन पेशाने सैनिक. टिपूविरुद्धच्या १७९९ च्या लढाईत रात्रीच्या कूचाच्या वेळी आपली तुकडी चुकीच्या दिशेने चालली आहे, हे त्याने ताऱ्यांवरून ओळखले, अशी हकिकत सांगतात. लढाई संपल्यावर त्याने कंपनी सरकारपुढे एक योजना मांडली. दक्षिण हिंदुस्थान आडवा आणि उभा त्रिकोणांनी मोजून काढायचा. सरकारला हवे होते नकाशे. लॅम्टनला त्याहून अधिक काही हवे होते: पृथ्वीचा आकार. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असेल तर अक्षांशाच्या एका अंशाची लांबी विषुववृत्ताजवळ कमी आणि ध्रुवाजवळ जास्त भरली पाहिजे. (आजच्या मापाने ती विषुववृत्तावर ११०.६ किलोमीटर आणि ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटर आहे; म्हणजे फरक जेमतेम एक टक्का.) हा फरक पकडायचा तर शेकडो किलोमीटरचे अंतर अतिशय अचूक मोजायला हवे. नद्या, डोंगर आणि जंगले ओलांडून एवढी साखळी टाकणार कोण?

याचे उत्तर आपण नववीत शिकवतो. कोबाको कसोटी: त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन ठरले, की त्रिकोण ठरला. म्हणजे बाजू एकदाच मोजायची, पुढे नुसते कोन मोजत जायचे. पहिल्या त्रिकोणाची गणिताने मिळालेली बाजू हाच दुसऱ्या त्रिकोणाचा पाया, दुसऱ्याची बाजू हा तिसऱ्याचा. अशी त्रिकोणांची माळ ओवत कितीही दूर जाता येते. एकरूपतेच्या कसोट्या मुलांना नेहमी दोन आयते त्रिकोण शेजारी ठेवून शिकवल्या जातात आणि 'हे सिद्ध करून मिळाले काय?' हा त्यांचा प्रश्न तसाच राहतो. या कसोटीवर एका अख्ख्या देशाचा नकाशा उभा आहे, हे त्यांना सांगायला काय हरकत आहे?

पहिली पायारेषा लॅम्टनने मद्रासजवळ १८०२ मध्ये मोजली. लांबी साडेसात मैल, साखळी १०० फुटी पोलादी. जवळपास ४०० साखळ्या टाकायला दोन महिने लागले. एवढा वेळ का, याचा हिशेब दहावीची मुले करू शकतील. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले तर १०० फूट पोलाद साधारण साडेतीन मिलिमीटरने लांबते. ४०० साखळ्यांत ही चूक दीड मीटरच्या आसपास जाते, आणि पायारेषेतली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात त्याच प्रमाणात उतरते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत सरळ ताणून ठेवायची, उन्हापासून जपायची, आणि तिच्या शेजारचा तापमापक पाहत राहायचे. आपल्याकडे पटवारी शेत मोजतो तेव्हा ३३ फुटांचा चौरस म्हणजे एक गुंठा धरतो. तिथे बोटभर इकडे-तिकडे चालून जाते. इथे चालत नव्हते.

कोन मोजण्याचे यंत्र म्हणजे लंडनच्या कॅरीने बनवलेले मोठे थिओडोलाइट. वजन अर्धा टन. हिंदुस्थानात येताना वाटेत ते फ्रेंचांच्या हाती पडून मॉरिशसला गेले होते. तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते सौजन्याने परत पाठवले. १८०८ मध्ये तंजावरला मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्टनने तंबूत बसून काही आठवडे खपून ते पूर्ववत केले. त्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच होता. एवढे मोठे कशाला? कंपासपेटीतल्या कोनमापकाची त्रिज्या पाच सेंटिमीटर धरली, तर एक अंश म्हणजे कडेवर एक मिलिमीटरहूनही कमी अंतर. ३६ इंची वर्तुळावर तोच अंश आठ मिलिमीटरचा होतो. अंशाचे ६० भाग म्हणजे कला, कलेचे ६० भाग म्हणजे विकला. सूक्ष्मदर्शकातून पाहून लॅम्टनच्या माणसांना विकलांच्या हिशेबात कोन वाचायचे होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढ्या काळजीने मोजलेल्या तीन कोनांची बेरीज किती येत असे? १८० अंश येत नसे! थोडी जास्त यायला हवी हे त्यांना ठाऊकच होते, कारण त्रिकोण कागदावर नव्हे, गोलावर काढलेला होता. गोलावरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून जास्त असते, आणि ही वाढ त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते: पृथ्वीच्या बाबतीत दर १९७ चौरस किलोमीटरला सुमारे एक विकला. नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या तीन गावांचा त्रिकोण घ्या. त्याचे क्षेत्रफळ पाच हजार चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. म्हणजे त्याच्या कोनांची बेरीज १८० अंश आणि वर सुमारे २६ विकला. शाळेच्या फळ्यावर हा फरक कधीच दिसणार नाही. ३६ इंची वर्तुळावर तो लपणार नाही.

तेव्हा सर्वेक्षकांची रीत अशी होती. तिन्ही कोन स्वतंत्रपणे, अनेक वेळा, वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर मोजायचे. बेरीज करायची. तीतून गोलाईमुळे येणारी वाढ वजा करायची. उरलेल्या आकड्यात आणि १८० अंशांत जो फरक राहील ती मोजमापाची चूक. ती मर्यादेबाहेर असेल तर पुन्हा मोजायचे. मर्यादेत असेल तर तिन्ही कोनांत वाटून टाकायची. वजाबाकीने काढलेला तिसरा कोन त्यांच्या काही कामाचा नव्हता, कारण त्यातून चूक किती झाली हे कळण्याची वाटच बंद होते. आमच्या मते ही गोष्ट आठवीच्या वर्गात बोलून दाखवण्याजोगी आहे. मुलाची बेरीज १७९ आली तर ती तशीच लिहू द्यावी. मग वर्गातल्या चाळीस बेरजा फळ्यावर मांडून त्या कशाभोवती गोळा होतात ते पाहावे. बेरीज १८० च येते हे प्रमेय समांतर रेषांवरून सिद्ध होते, मोजून नव्हे. मोजण्याने कळते ते आपला हात आणि आपले कोनमापक किती भरवशाचे आहे ते. या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि पाठ्यपुस्तकात त्यांची नेहमी गल्लत होते.

लॅम्टनने कन्याकुमारीजवळून सुरू केलेली उभी माळ जवळजवळ दहा अंश उत्तरेला बीदरजवळच्या दामरगिद्द्यापर्यंत नेली. १८१८ मध्ये या कामाला 'ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे' हे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण अधिकारी मदतनीस म्हणून नेमला गेला. पुढच्याच वर्षी त्याला कृष्णा आणि गोदावरी यांमधल्या जंगलांत पाठवण्यात आले. पावसाळ्यात दृष्टी दूरवर पोचते, हवा स्वच्छ असते. म्हणून काम पावसाळ्यात. परिणाम व्हायचा तोच झाला. यल्लापुरमच्या रानात एव्हरेस्टसह जवळजवळ सगळा तांडा तापाने आडवा झाला. हैदराबादहून पालख्या आणि हत्ती पाठवून त्यांना परत आणावे लागले. काही जण वाटेतच दगावले. त्या काळी हा ताप जंगलाच्या दूषित हवेने येतो अशी समजूत होती. तो डासांमार्फत पसरतो याचा पहिला पुरावा रोनाल्ड रॉसला १८९७ मध्ये मिळाला, तोही त्याच हैदराबादला लागून असलेल्या सिकंदराबादेत. गडचिरोलीच्या शिक्षकांना हिवतापाबद्दल वेगळे सांगायला नको.

लॅम्टन गेल्यावर एव्हरेस्टने माळ वऱ्हाडातून पुढे नेली. एलिचपूरजवळच्या, म्हणजे आजच्या अचलपूरजवळच्या, टाकळखेड्याहून सातपुडा ओलांडून ती माळव्यात सिरोंजपर्यंत गेली. ही मुख्य माळ ७८ अंश रेखांशाच्या आसपास, चंद्रपूरच्या पश्चिमेकडून जाते. चांदा जिल्ह्याच्या वाट्याला आली ती नंतरची शाखा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जबलपूरहून दक्षिणेकडे, ८० अंश रेखांशाच्या जवळून, आणखी एक माळ ओवली गेली आणि ती बीदरहून पूर्वेला जाणाऱ्या आडव्या माळेला मिळवली गेली. गडचिरोली हे गाव ८० अंश रेखांशावरच आहे.

सपाट जंगल हा या पद्धतीचा खरा शत्रू. एका ठाण्यावरून दुसरे दिसले नाही तर कोबाको काय कामाची? झाडे तोडून रेषा मोकळी करता येते, पण पृथ्वीच्या गोलाईचे काय करणार? इथे दहावीचा स्पर्शिका-छेदिका गुणधर्म उपयोगी पडतो. उंची उ असेल आणि पृथ्वीची त्रिज्या त्र, तर क्षितिजाचे अंतर स्पर्शिकेइतके, आणि त्याचा वर्ग म्हणजे उ × (२त्र + उ). जमिनीवर उभे राहून दोन मीटर उंचीवरच्या डोळ्याने पाच किलोमीटर दिसते. तीस किलोमीटरवरचे ठाणे दिसायला दोन्हीकडे सुमारे १८ मीटर उंच मनोरे हवेत. गंगा-यमुनेच्या सपाटीवर एव्हरेस्टने पुढे तसे मनोरे बांधलेच. डोंगर असला तर काम सोपे. २०० मीटर उंचीच्या दोन टेकड्यांना मध्ये काही आड आले नाही तर शंभर किलोमीटरवरूनही एकमेकींचे माथे दिसू शकतात. आपल्या भागात टेकड्या आहेत हे सर्वेक्षकांचे नशीब. त्यांच्या माथ्यावर चढून झाडे तोडणारे, झेंडे धरणारे, रात्री दिवे पेटवून ताटकळणारे खलाशी बहुतांशी निनावी राहिले. नावे उरली ती थोडी: संगणक राधानाथ सिकदार, यंत्रे दुरुस्त करणारे आर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन.

शाळेत हे करून पाहायला अर्धा टनी यंत्र लागत नाही. एक मीटर व्यासाचे प्लायवुडचे वर्तुळ घ्या. त्याच्या कडेवर एक अंश जवळजवळ नऊ मिलिमीटरचा होतो. मध्यावर खिळा, त्याभोवती फिरणारी बांबूची सरळ पट्टी, खाली गवंड्याचा ओळंबा. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी जा, किंवा गावाजवळच्या एखाद्या ओढ्यावर. काठाने १०० मीटरची पायारेषा अब आखा. पलीकडचे झाड क. समजा अ पाशी ६२ आणि ब पाशी ७१ अंशांचा कोन आला. एक सेंटिमीटरला दहा मीटर या प्रमाणात त्रिकोण काढला, की झाडाचे पायारेषेपासूनचे लंब अंतर सुमारे ११४ मीटर मिळेल. ब चा कोन चुकून ७२ वाचला गेला असता तर? ११७ मीटरच्या जवळ आले असते. फरक अडीच मीटर.

आता फार दूरचे झाड घ्या, दोन्ही कोन ८८ अंशांचे. उत्तर येते १४३२ मीटर. एक कोन ८९ वाचला, तर उत्तर येते १९०९! एकाच अंशाच्या चुकीने पावणेपाचशे मीटरचा फरक. सर्वेक्षक अरुंद त्रिकोण का टाळत आणि शक्यतो समभुजाच्या जवळचे त्रिकोण का निवडत, हे या दोन आकड्यांवरून मुलांना आपोआप कळते.

एव्हरेस्टने १८३० मध्ये या मोजमापांवरून पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या काढली: ६३७७.२८ किलोमीटर. आजचा आकडा ६३७८.१४. ध्रुवांकडचा चपटेपणा त्याने १/३००.८ धरला, आज तो १/२९८.२६ मानतात. भारतीय सर्वेक्षण खात्याचे नकाशे २००५ चे नवे धोरण येईपर्यंत या एव्हरेस्टच्या पृथ्वीवरच काढले जात होते. चंद्रपूर शहर जुन्या क्रमांकाच्या ५६ एम या पत्रकात येते. १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर काही टेकड्यांच्या माथ्यावर एक बारीक त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा छापलेला दिसतो. ते त्रिकोणमितीय ठाणे. आपल्या तालुक्यात असा त्रिकोण कुठे आहे ते नकाशात शोधावे आणि थंडीच्या दिवसांत वर्गाला घेऊन त्या टेकडीवर चढावे. वरून पुढचे ठाणे कोणत्या दिशेला असेल, हे मुलांनाच ठरवू द्यावे.